तीन ग्लासांची क्वार्टर

अकोला-अमरावतीकडच्या पोरापोरींच्या गोवा ट्रिपमध्ये हल्ली एक नवीन कार्यक्रम असतो. बीच, किल्ला, चर्च, भाड्याची स्कूटर हे सगळं आहेच; त्यात ‘कॉकटेल वर्कशॉप’ची भर पडली आहे. दोन तासांचा वर्ग, प्रत्येकासमोर स्वतःचा शेकर, हाताशी लिंबू, पुदिना, बर्फ आणि शिकवायला एक चटपटीत बारटेंडर. आपल्या हाताने बनवलेली तीन ड्रिंक्स, वर एक रील, आणि मग रात्रीचं जेवण.

याकडे आपण मजा म्हणून बघतो आणि सोडून देतो. पण एखादं नाटक बघतो तसं या वर्गाकडे बघायला हरकत नाही. त्याला सुरुवात आहे, चढत जाणारी रंगत आहे, पात्रं आहेत, संवाद आहेत. दारू म्हणजे काय, ती कशी प्यावी, कुणी प्यावी याबद्दल त्याचं एक ठाम म्हणणं आहे. आणि कुठल्याही नाटकासारखं, त्याने रंगमंचावर काय आणलं नाही हेही विचारता येतं. वऱ्हाडातून तिथे गेलेल्या माणसाला हा प्रश्न जरा जास्तच पडतो.

आधी त्याच्या बाजूने बोलू.

मी केला त्या वर्गात सुरुवातीला दारूला हातच लावायचा नव्हता. लिंबाचा रस, साखरेचा पाक आणि पाणी यांचं मिश्रण करून चाखायचं. आंबट जास्त झालं तर पाक, गोड झालं तर लिंबू. जीभ जागेवर आली की मग सूत्र: साधारण दोन भाग दारू, एक भाग आंबट, एक भाग गोड. रम घातली की डायकिरी, व्हिस्की घातली की व्हिस्की सावर. टकिला घेऊन साध्या पाकाऐवजी संत्र्याचं लिक्युअर वापरलं की मार्गारिटा. नावं भारी वाटतात, आत सूत्र एकच. फळांचा रस असेल तर शेकरमध्ये जोरात हलवायचं, नुसती दारूच दारू असेल तर चमच्याने शांतपणे ढवळायचं. बर्फाला दोन कामं असतात, गार करणं आणि वितळून पाणी घालणं. ते पाणीही पाककृतीतलाच एक पदार्थ.

हे शिक्षण खरं आहे. त्यात माप आहे, सबुरी आहे आणि हाताचं कौशल्य आहे. आपल्याकडे ‘दारू देणारा पोऱ्या’ एवढीच ज्याची ओळख असते, त्या माणसाच्या कामाबद्दल पहिल्यांदा आदर वाटतो.

माझ्या शेजारी उभा असलेला मित्र, पक्का अकोल्याचा, शेकर हलवून हलवून कंटाळला आणि म्हणाला, “इतक्या वेळात तं क्वार्टर संपते बावा!” सगळे हसले. पण हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्यात विनोद आहे, आपल्याकडच्या पिण्याचं वर्णन आहे आणि एक हिशेबही आहे. हिशेबाकडे नंतर येऊ. आधी वर्णन.

आपल्याकडचं पिणं परमिट रूममध्ये घडतं. ‘परमिट रूम’ हे नावच कायद्यातून आलेलं आहे. महाराष्ट्रातल्या दारूच्या कारभाराचा पाया आजही १९४९ सालचा दारूबंदी कायदा आहे. कागदोपत्री, प्यायची तर परवाना लागतो. कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षं. नावात बंदी आणि तिजोरीत उत्पादन शुल्क, अशा या व्यवस्थेने पिण्याची एक रीतच घडवली: अंधारी खोली, पडदा, वेफर किंवा शेंगदाण्याचा चकना, आणि कुणी ओळखीचं यायच्या आत उरकायची घाई. अशा जागी चव ही गोष्ट कुणाच्या डोक्यातच येत नाही. आपली भाषा तपासा. किती चढली हे सांगायला आपल्याकडे टाईट, टल्ली, फुल, आऊट असे शब्दांवर शब्द आहेत. चवीसाठी एकच: कडू.

आणखी एक. अकोल्याच्या परमिट रूममध्ये बाई बसलेली दिसणार नाही. त्या वर्गात निम्म्या मुली होत्या. त्यांच्यासमोरही तसाच शेकर, तसंच माप, आणि त्यांच्याकडे कुणी वळून बघत नव्हतं. त्या दोन तासांत वर्गाने घडवलेली ही सर्वांत मोठी गोष्ट असेल, आणि ती कुठल्याही रेसिपीत लिहिलेली नव्हती.

आता जे रंगमंचावर येत नाही त्याबद्दल.

पिणं ही शिकायची, सुसंस्कृत माणसांनी मंडळ काढून करायची गोष्ट आहे, ही कल्पना मराठी रंगभूमीवर शंभर वर्षांपूर्वीच येऊन गेली. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगमंचावर आलं, गडकरी विदर्भातल्याच सावनेरला वारल्यावर महिन्याभरात. त्यात ‘आर्य मदिरा मंडळ’ आहे. पिणाऱ्यांची ही सभा पिण्याच्या समर्थनार्थ अशी काही तर्कशुद्ध भाषणं ठोकते की प्रेक्षक हसून लोळतो. त्याच नाटकात सुधाकर या हुशार वकिलाची सनद काही काळासाठी रद्द होते, आणि त्या अपमानावर उतारा म्हणून त्याच्या हातात पहिला प्याला दिला जातो. देणारा तळीराम, त्याचाच कारकून. तिथून पुढे सुधाकरची बायको सिंधू, तिचं बाळ, घर, सगळं एकेक करून जातं.

या नाटकाची ताकद त्याच्या नावातल्या ‘एकच’ या शब्दात आहे. प्रत्येक प्याला पिणाऱ्याला एकटाच, सुटा दिसतो. मागच्याशी त्याचा संबंध नाही, पुढच्याशी नाही. बेरीज फक्त सिंधूला दिसते, कारण घर तिला चालवायचं असतं.

नाटकाची मर्यादाही सांगायला हवी. गडकऱ्यांच्या जगात मोजून पिणारा माणूसच नाही. पहिला घोट घेतला की शेवट ठरलेला. सिंधूला सोसण्यापलीकडे काही करता येत नाही. त्यामुळे मराठी वाचकाच्या वाट्याला दारूबद्दल बोलायच्या दोनच भाषा आल्या: सर्वनाशाची आणि तळीरामी विनोदाची. आजही व्हॉट्सॲपवर फिरणारे बेवड्यांचे विनोद दुसऱ्या भाषेतले आणि वक्तृत्व स्पर्धेतली भाषणं पहिल्या भाषेतली. कॉकटेलचा वर्ग तिसरी भाषा देऊ करतो, चवीची. म्हणून तो आपल्याला मोकळा वाटतो. पण ही तिसरी भाषा बोलताना तो सिंधूला पूर्ण गाळून टाकतो. घर हा विषय तिथे येतच नाही. सुट्टीवर आलेल्या माणसाला घर नसतंच, हॉटेलची खोली असते.

आता मित्राच्या वाक्यातला हिशेब. एका कॉकटेलमध्ये ६० मिली दारू. आपल्या भाषेत एक लार्ज. वर्गात तीन कॉकटेल. तीन गुणिले साठ म्हणजे १८० मिली, म्हणजे बरोब्बर एक क्वार्टर. व्हिस्की-रमची नेहमीची ४२.८ टक्क्यांची बाटली धरली, तर त्या तीन सुंदर ग्लासांत साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल आहे. परमिट रूममध्ये ज्याला ‘क्वार्टर मारली’ म्हणतो तेच, तेवढंच, इथे पुदिन्याचं पान लावून आलेलं असतं. लिंबू आणि साखर दारूचा कडवटपणा झाकतात, हेच तर सूत्राचं यश. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तेव्हा चोरट्या, वाईट दारूची चव लपवायला असली मिश्रणं फार उपयोगी पडली. झाकणं हा कॉकटेलचा जुना गुण आहे.

वर्गात मिलिलिटरची एवढी काटेकोर मोजणी चालते, पण ही बेरीज कुणी करून दाखवत नाही. माप चवीसाठी शिकवलं जातं, प्रमाणासाठी नाही. प्रत्येक ग्लास पुन्हा सुटा, पुन्हा एकच. माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे, आणि तो नैतिक आहे तितकाच कलेचाही. ज्या वर्गाचं सगळं सौंदर्य मापात आहे, त्याने शेवटचं माप सांगू नये हे त्याच्याच तत्त्वाशी विसंगत आहे.

दुसरा आक्षेप गोष्टींबद्दल. प्रत्येक ड्रिंकबरोबर एक गोष्ट सांगतात, आणि तिचा नायक नेहमी बाहेरचा असतो. क्युबातला अमेरिकन इंजिनिअर, मलेरियासाठी कडू क्विनाइन घेताना त्यात जिन ओतणारा इंग्रज सोल्जर, न्यूयॉर्कचा बारटेंडर. गोव्यात उभं राहून हे ऐकताना गंमत वाटते, कारण मिश्र पेयांचा एक मोठा पूर्वज याच किनाऱ्यावरचा आहे. जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर १६७० च्या दशकात या भागात फिरत होता. गोव्यातल्या नेरूलला उत्तम अर्क बनतो, आणि त्यापासून इथले इंग्रज ‘पाँच’ नावाचं पेय करतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. नावाचा अर्थही त्याने दिला: हिंदुस्थानीत पाच, कारण पदार्थ पाच. ‘पंच’च्या या व्युत्पत्तीबद्दल पुढे विद्वानांत वाद झाले, पण फ्रायरची नोंद आहे ती आहे. नेरूल आज पणजीहून स्कूटरवर थोड्या वेळात गाठता येतं. मी केलेल्या वर्गात त्याचं नाव निघालं नाही.

फेणीचंही तेच. ती आली, पण ‘लोकल ट्विस्ट’ म्हणून, शेवटच्या ग्लासात. काजूची बोंडं तुडवून रस काढतात, तो आंबवून पहिल्या धारेचा हलका उर्राक निघतो, पुन्हा ऊर्ध्वपातन झालं की फेणी, ही साखळी दोन वाक्यांत उरकली. २००९ साली काजू-फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ साली गोवा सरकारने तिला वारशाचा दर्जा दिला. एवढं असूनही वर्गात तिला पाहुणीची जागा.

हे बघताना वऱ्हाडी माणसाला मेळघाट आठवणारच. चिखलदरा-धारणीकडे उन्हाळ्याच्या तोंडाला रात्रभर मोहाची फुलं गळतात आणि पहाटे बायका-पोरं ती वेचतात. फुलं वाळवून ठेवतात, खातात, बियांचं तेल काढतात, आणि दारूही गाळतात. कोरकूंच्या लग्नाकार्यात, देवाधर्मात तिला मान आहे. पण परवान्याशिवाय गाळलेली म्हणून कायद्याच्या दृष्टीने ती हातभट्टी, आणि हातभट्टीवर धाड पडते. तिकडे गेल्या काही वर्षांत मोहाची परवानाधारक, देखणं लेबल लावलेली बाटली बाजारात आली आहे आणि शहरांतले बारटेंडर कौतुकाने तिची कॉकटेल करतात. फूल तेच. एकाच्या हातात तो गुन्हा, दुसऱ्याच्या हातात ‘क्राफ्ट’. उद्या चिखलदऱ्याच्या एखाद्या रिसॉर्टने मोहाचं कॉकटेल वर्कशॉप सुरू केलं, तर शेकर हलवणारे आपण असू. फुलं वेचणारी बाई त्या खोलीत असेल का, आणि असली तर कुठल्या बाजूला, हा खरा प्रश्न आहे.

मग असे वर्ग करूच नयेत का? माझं म्हणणं तसं नाही. वऱ्हाडाकडे या बाबतीत वर्गाला शिकवण्यासारखं काही आहे, एवढंच.

गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, जन्म १८७६ चा. वडील दारूपायी गेले. पुढे त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या बारशाला, रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत उठवायची तर त्यांनी गोडाचं जेवण घातलं. आपण ही गोष्ट व्यसनमुक्तीचा धडा म्हणून शाळेत ऐकतो. पण ती यजमानाची गोष्टही आहे. पाहुण्याच्या ताटात काय वाढायचं हे रिवाज ठरवणार की वाढणारा, हा तिच्यातला मुद्दा. कॉकटेल वर्गही शेवटी यजमानकी शिकवतो: घरी गेल्यावर मित्रांना काय बनवून द्याल. तिथे बिनदारूचं पेय ‘मॉकटेल’ म्हणून, न पिणाऱ्याची समजूत काढायला, शेवटी येतं. ते सुरुवातीला, त्याच सूत्राने, तेवढ्याच मेहनतीने यायला काय हरकत आहे? वरुड-मोर्शीच्या संत्र्याचा रस, लिंबू, थोडं मीठ, चांगला हलवलेला बर्फ. आंबट-गोडाचा तोल साधायला दारू लागत नाही, हे वर्गाने पहिल्याच मिनिटाला आपल्या जिभेवर सिद्ध करून दाखवलेलं असतं. मग तो ते विसरतो.

आणि गावोगावच्या बायकांनी मतपेटीतून सांगितलेली ‘आडवी बाटली’ आहेच. दारूचं दुकान गावात राहावं की जावं यावर महिलांच्या मतदानाची सोय महाराष्ट्रात आहे. उभी बाटली म्हणजे राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. सिंधूला गडकऱ्यांनी जे दिलं नाही ते या बायकांनी मिळवलं: बेरीज मांडायचा अधिकार. दारूवरच्या मराठी लिखाणात या मतपत्रिकेला मी फार वरची जागा देईन.

तुम्ही असा वर्ग करणार असाल तर जरूर करा. शेकर नीट धरायला शिका. फेणीचा ग्लास आला की ती कुणी गाळली, कुठल्या गावची, हे विचारा. तिसरा ग्लास हातात घेण्याआधी तीन गुणिले साठ हा हिशेब मोठ्याने करा, शेजाऱ्यालाही ऐकू जाईल असा. आणि परत आलात की घरी आईला, बहिणीला ते संत्र्याचं पेय करून द्या. मापाने, बर्फ घालून, हलवून. ते कसं लागलं हे त्या सांगतील, आणि त्यासाठी त्यांना ‘कडू’पेक्षा जास्त शब्द सापडतील.