धडेवाल्यांची दिंडी

दिवाळी अंकातला वारीवरचा एक लेख वाचता वाचता समोरचा चहा गार झाला. लेखाच्या शेवटी पिवळी चौकट होती, ‘वारीतून काय शिकावे?’ खाली सात मुद्दे : वेळेचं नियोजन, टीमवर्क, ध्येयावर नजर वगैरे. पायाला आलेल्या फोडाबद्दल मात्र आख्ख्या लेखात एक ओळ नाही.

एकच लेख असता तर सोडून दिला असता. पण ललित गद्याला सध्या ही साथच आली आहे. ज्ञानेश्वरीतून लीडरशिप, तुकोबांकडून ताणमुक्ती, डबेवाल्यांकडून मॅनेजमेंट. स्पिनोझासुद्धा सुटला नाही. तो बिचारा भिंगं घासून पोट भरत होता, आता त्याला आमच्या सकारात्मकतेचंही बघावं लागतं. उरलेल्या अंकात आजीचा पाटा-वरवंटा आणि कोकणातली पडवी. हे लेख एकमेकांच्या नावावर छापले तरी लेखकांनाही पत्ता लागायचा नाही. फडक्यांच्या गुजगोष्टींचे वारसही अजून लिहितात. लिहोत बापडे.

साहित्य, तत्त्वज्ञान आणि रोजचं जगणं यांतून विचार कसा उगवतो हे मराठीने कधीच करून दाखवलं आहे. ‘ऋतुचक्र’ 1956चं. चैत्रापासून बारा महिने दुर्गाबाई नुसत्या बघतात. बघताना त्यांना कसली घाई नाही, म्हणून तर दिसतं. विंदांनी ‘अष्टदर्शने’त देकार्तपासून बर्गसाँपर्यंत सात युरोपीय मराठी पद्यात आणले आणि आठवा बसवला चार्वाक. त्या एका निवडीत जेवढा विचार आहे तेवढा शंभर चौकटींत नाही.

आणि इरावतीबाई. वारीवरच लिहायचं तर त्यांचा ‘वाटचाल’ हा लेख समोर असताना लोकांचं धाडस होतं कसं? बाई मानववंशशास्त्रज्ञ, पण दिंडीत चालतात ते वही सावरत नव्हे. एकाच दिंडीतली ब्राह्मण आणि मराठा मंडळी वाटभर एकत्र गातात आणि जेवायला वेगवेगळी बसतात, हे त्यांना दिसतं आणि सलतं. त्या मराठा बायकांच्या पंगतीत जेवतात. मग त्या बायका मोकळ्या होतात, हात धरतात, ताई म्हणतात, पुण्याला तुमच्याकडे येऊ म्हणतात. तेवढ्यात एक तरुण पोर विचारते, तिथेही तुम्ही आमच्याशी अशाच वागाल का? प्रश्न साधा, पण बाईंच्या जिव्हारी लागतो. वारीवर एवढं लिहिलं गेलं, त्यात या पोरीइतकं नेमकं बोट ठेवणारं मला तरी कुणी आठवत नाही.

यावर मला विनोबा दाखवले जातात. त्यांनीही उपदेशच केला ना? केला. 1932 साली, धुळ्याच्या तुरुंगात, दर रविवारी गीतेचा एक अध्याय, आणि लिहून घ्यायला साने गुरुजी. अठरा रविवार लागले. ऐकणारेही कैदी होते आणि बोलणाराही कैदीच. धडेवाल्याला काय लागतं? निष्कर्ष त्याच्या खिशात घरून निघतानाच असतो, मग वाटेत जे भेटेल त्याच्यावर तो चिकटवायचा. आज वारी, उद्या मुंग्या, परवा शिवराय. विषय बदलतो, सात मुद्दे तेच.

‘वाचकाला वेळ नसतो,’ असं एका संपादकांनी मला ऐकवलं. आठ पानं लेखाला द्यायची आणि वाचकाला वेळ नाही म्हणून शेवटी चौकट टाकायची, तर मग आधीची आठ पानं कशाला? चौकटच छापा, कागद वाचेल. आणि वाचकाला धडाच हवा असतो म्हणता, तर ‘वाटचाल’ अजून वाचला जातो तो कशासाठी? असो. त्या पोरीचा प्रश्न तुमच्या सातांपैकी कुठल्या मुद्द्याखाली बसतो, तेवढं त्या संपादकांनी मला दाखवावं. टीमवर्कखाली?