रानकोंबड्याचा डोळा

थंड नद्यांतल्या मोठ्या माशांसाठी गळावर पिसं आणि रेशीम गुंडाळून ज्या फ्लाय बांधल्या जातात, त्यांत ‘जॉक स्कॉट’ ही मला सर्वांत थोर रचना वाटते. १९व्या शतकाच्या मध्यावर स्कॉटलंडमधल्या त्याच नावाच्या माणसाने ती सामन माशासाठी बांधली. पण तिच्या दोन्ही अंगांना जे पीस चमकतं ते आपल्या सह्याद्रीतल्या पक्ष्याचं आहे. रायगड जिल्ह्यातल्या लोधिवलीच्या पश्चिमेला कर्नाळ्याचा सुळका दिसतो. त्याच्या पायथ्याच्या रानात पहाटे राखाडी रानकोंबडा आरवतो, तोच हा पक्षी.

आधी तिचा घाट कळायला हवा. ट्राउटसाठीची फ्लाय बहुतेक वेळा नक्कल असते. पाण्यावर उतरलेला किडा जसा दिसतो तशी ती बांधायची, कारण ट्राउट रोज खातो आणि खाण्यालाच फसतो. स्टीलहेड हा जातीने रेनबो ट्राउटच, पण तो प्रशांत महासागरात वाढतो आणि अंडी घालायला नदीत परततो. नदीत शिरल्यावर सामनासारखंच त्याचंही खाणं फार कमी होतं. ज्याला भूक नाही त्याच्यासाठी किड्याची नक्कल करून काय उपयोग? त्याला डिवचायचं असतं. म्हणून सामन आणि स्टीलहेडची फ्लाय कशासारखीच दिसत नाही. ती निव्वळ रंग, चमक आणि हालचाल यांची रचना असते, आणि मला तिचा मोह पडतो तो इथेच.

जॉक स्कॉट शेपटीकडून वाचावी. आधी रुपेरी तारेचे बारीक वेढे, मग सोनेरी फेझंटच्या तुऱ्याची वर वळलेली शेपटी, तिच्या बुडाशी शहामृगाच्या पिसाचा काळा गोंडा. धडाचे दोन भाग. मागचा पिवळ्या रेशमाचा, पुढचा काळ्या रेशमाचा, दोन्हींवर रुपेरी जरीचे तिरपे वेढे. पिवळ्यानंतर एकदम काळं येतं, या धीटपणावर सगळी रचना उभी आहे. निवळ पाण्यात पिवळा भाग उजेड धरतो, गढूळ पाण्यात काळा भाग आकार टिकवतो.

पंख हा खरा कसबाचा भाग. मोर, टर्की, रंगवलेला हंस, माळढोकाच्या कुळातले पक्षी, अशा अनेकांच्या पिसांचे तंतू त्यात एकापुढे एक लावलेले असतात. डिंक नाही, टाका नाही. पिसाच्या तंतूंना सूक्ष्म आकडे असतात, ते शेजारी ठेवून बोटाने हलकेच कुरवाळले की एकमेकांत अडकतात आणि पैठणीच्या पदरासारखा एकसंध पट्टा तयार होतो. जॉर्ज केल्सनने १८९५च्या ‘द सामन फ्लाय’ या ग्रंथात अशा रचना तपशिलाने नोंदवल्या.

एवढ्या रंगांच्या गर्दीत नजर ठरते ती रानकोंबड्याच्या पिसावर. नराच्या मानेवरच्या प्रत्येक पिसाच्या टोकाला पिवळसर पांढरा, गुळगुळीत ठिपका असतो. तो रंगाचा नव्हे. पिसाची मधली काडीच तिथे चपटी आणि कडक झालेली असते. म्हणून तो भिजला तरी मऊ पडत नाही, विस्कटत नाही, आणि गळ बांधणारे त्याला डोळा म्हणतात. बाकीची फ्लाय पाण्यात श्वास घेतल्यासारखी हलते, डोळा तेवढा स्थिर राहतो.

ती पाण्यात पाहायला हवी. ब्रिटिश कोलंबियातल्या स्कीनासारख्या नदीत मासेमार कंबरभर पाण्यात उभा राहून लांब काठीने दोर आडवा, थोडा प्रवाहाच्या दिशेने टाकतो. दोर ताणला की फ्लाय कमानीत वळत वेगवान धारेतून संथ पाण्याकडे सरकते. मासा तिला धरतो तो बहुधा या वळणावर. धार कुठे मंदावते हे ओळखणं ही निम्मी विद्या आहे, आणि लोधिवलीच्या दक्षिणेला पातळगंगेवर गरी टाकणाऱ्या कातकऱ्याला ती पुरेपूर येते.

पातळगंगा स्टीलहेडला कधीच मानवणार नाही, पाणी फार कोमट. मात्र १९१५पासून खोपोलीच्या टाटा वीजगृहातून तिच्यात इंद्रायणीच्या खोऱ्यातलं पाणी उतरतं. ज्या तलावांतून ते येतं त्यांतल्या वळवणच्या काठी टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महसीरची पैदास झाली. कर्नल साइक्सने १८३९मध्ये शास्त्रीय वर्णन केलेला दख्खनचा हा महसीर फळं, गोगलगायी, लहान मासे, सगळं खातो. त्याच्यासाठी साधी फ्लाय पुरते. रानकोंबड्याच्या मुलखातल्या माशाला त्या डोळ्याची गरज नाही. तो दूरच्या, न जेवणाऱ्या माशासाठीच हवा होता.

त्या हव्यासाची किंमत पक्ष्यांनी मोजली. व्हिक्टोरियन काळात रानकोंबड्याच्या माना हिंदुस्थानातून परदेशी जात. २००९मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून पक्ष्यांची २९९ कातडी चोरीला गेली, तीही अशाच फ्लाय बांधण्याच्या वेडापायी. आपल्याकडे पिसांची ती निर्यात थांबली आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानकोंबड्याला संरक्षण दिलं. आता ब्रिटनमध्ये पाळलेल्या पक्ष्यांची पिसं मिळतात, रंगवलेली नकली पिसंही मिळतात. नकली डोळ्याची जॉक स्कॉट मांडणीत उणी नाही, आणि जिवंत पक्ष्यापुढे अस्सल पिसाचा हट्ट मला गैर वाटतो.

ते पीस बघायचंच असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे कर्नाळ्याला जा. पावसाळ्यात नराच्या मानेची ही पिसं गळून जातात आणि तेवढे महिने त्या जागी साधी काळपट पिसं असतात.