उघडे राहिलेले दार : ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’च्या निमित्ताने

भोपाळच्या चार इमली या अधिकाऱ्यांच्या वसाहतीत, काही मराठी ख्रिस्ती कुटुंबांसमवेत, आम्ही लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ (2012, शब्दांकन वैशाली रोडे) हे आत्मकथन वाचले. अखेरीस एका गृहस्थांनी विचारले, “यात मंडळीचा काय संबंध?” हे टिपण त्या प्रश्नाचे उत्तर होय.

ग्रंथाचे बळ निर्भीड कथनात आहे. बालपणीचे लैंगिक अत्याचारही लेखिका लपवीत नाहीत. परंतु आमच्या मते ग्रंथाचे मर्म वडिलांच्या वर्तनात आहे. त्यांनी आपल्या अपत्याला घराबाहेर काढले नाही.

ग्रंथाची मर्यादाही येथेच दिसते. घर, शिक्षण व नृत्यकला यांचा आधार लक्ष्मींना होता. जुन्या भोपाळातील मंगलवाऱ्यात राहणाऱ्या किती तृतीयपंथीयांना तो लाभतो? केसपेपरवर ‘स्त्री’ लिहावे की ‘पुरुष’, खाट कोणत्या वॉर्डात द्यावी, येथेच उपचार अडतो. अपमानित रोगी पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. मग संप्रेरके ऐकीव माहितीवर घेतली जातात आणि नैराश्य मुकाट्याने वाढते. तृतीयपंथी प्रौढांत आत्महत्येचे प्रयत्न इतरांहून पुष्कळ अधिक आढळतात. जेथे स्वीकार लाभतो तेथे हा धोका उणावतो. म्हणजे दोष देहाच्या घडणीत नाही, बंद दारांत आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या निकालात भय, लज्जा, नैराश्य व आत्महत्येची प्रवृत्ती यांची नोंद घेऊन, रुग्णालयांत योग्य उपचार देण्याचा आदेश सरकारांना दिला. न्यायालयाने पाहिले ते आपण पाहिले काय?

अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात षंढाला मंडळीचे दार बंद आहे. यशयाच्या छप्पन्नाव्या अध्यायात देव त्यालाच आपल्या घरात पुत्र व कन्या यांहून थोर नाव देतो. षंढ आणि आजचा तृतीयपंथी एकच नव्हेत, हे आम्ही जाणतो. पण दाराबाहेर उभे राहणे दोघांचे सारखेच. फिलिप्पाने हबशी षंढाला दुरून उपदेश केला नाही. तो रथात त्याच्याशेजारी बसला.

धर्मगुरू व धर्मशिक्षक बंधुभगिनींनो, दवाखान्याच्या बाकावर असे शेजारी बसणे हीही सेवाच आहे. मरणाचे विचार येतात काय, हे प्रेमाने व स्पष्ट विचारावे. विचारल्याने ते विचार मनात पेरले जात नाहीत. ‘टेलिमानस’चा 14416 हा क्रमांक जवळ असू द्यावा. एका पित्याने दार उघडे ठेवले. स्वर्गीय पित्याची लेकरे म्हणविणाऱ्या आपण ते लावून घ्यावे काय?