‘सराफ’ : शब्दाचा साचा आणि अर्थाचे स्थलांतर

भोकरच्या बाजारपेठेत आज ‘सराफ’ म्हटले म्हणजे सोन्याचांदीचे दागिने विकणारा, एवढाच अर्थ मनात येतो. जुन्या कागदपत्रांचा अभ्यासक तोच अर्थ गृहीत धरून चालला तर त्याची फसगत होईल. कारण सराफ हा मूलतः नाणी पारखून, बट्टा घेऊन ती बदलून देणारा होय.

या शब्दाचे नाते संस्कृत ‘सार’शी जोडण्याचा मोह होतो. परंतु त्यायोगे अन्त्य ‘फ’चा उलगडा होत नाही. फारसीच्या द्वारे आलेला अरबी ‘सर्राफ’ हे मूळ मानले म्हणजे रूप व अर्थ दोन्ही उलगडतात. ‘स-र-फ’ या धातूचा अर्थ फिरविणे, पालटणे. मधल्या व्यंजनाचे द्वित्व व पुढील स्वर दीर्घ करून अरबीत व्यवसायवाचक नामे सिद्ध होतात. दल्लाल, हम्माल, हज्जाम, सर्राफ ही त्याच साच्यातली. मराठीने त्या सर्वांचे द्वित्व गाळून दलाल, हमाल, हजाम, सराफ अशी रूपे केली. ‘जल्लाद’ने द्वित्व राखले खरे, पण तो रोजच्या बाजारातला शब्द नव्हे. एकट्या शब्दाची व्युत्पत्ती तर्क ठरू शकते. चौघांची एकच वाट हा पुरावा होय. शब्दरूपे पालटण्याच्या शास्त्रालाही अरबीत ‘सर्फ’च म्हणतात, हे येथे ध्यानात घ्यावे.

तथापि व्युत्पत्ती मूळ सांगते, अर्थान्तर सांगत नाही. त्यासाठी नाण्यांकडे वळले पाहिजे. कंपनी सरकारने १८३५ साली आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरविला. निजामाच्या राज्यात मात्र हाली सिक्का चालत राहिला. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा हिशेब असे. हाली सिक्का १९५९ साली पूर्णपणे बाद झाला. नाणे एकच उरल्यावर बदलण्याचे काम संपले. तराजू आणि कसोटी सोन्यासाठी उरली. माझ्या मते मराठवाड्यात जुना अर्थ इतरत्रापेक्षा अधिक काळ जिवंत राहण्याचे कारण हेच असावे. ‘बट्टा’ आता बहुधा ‘नावाला बट्टा लागणे’ यातच भेटतो.

म्हणून ‘सराफ’ म्हणजे जवाहिऱ्या, एवढीच नोंद अपुरी होय. हाली-कलदारचा हिशेब तोंडी करणारी माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडून ही शब्दसंपत्ती आताच टिपून घेतली नाही, तर पुढील कोशकाराच्या हाती केवळ दागिन्यांचे दुकान राहील.