‘रुचिरा’तील वाटी आणि घरची काटकसर

मराठी गद्याचा विचार करताना पाकशास्त्रीय ग्रंथांकडे समीक्षकांचे लक्ष क्वचितच जाते. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० साली, आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झाली. यांपैकी ‘रुचिरा’ला लाभलेला वाचकवर्ग अनेक मान्यवर कादंबऱ्यांना हेवा वाटावा असा आहे. साधे, पौष्टिक व अल्पखर्ची जेवण घरी रांधू पाहणाऱ्या वाचकास हा ग्रंथ कितपत साहाय्य करतो, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

‘रुचिरा’चे यश प्रामुख्याने तिच्या मापात आहे. दशमान वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ पासून शेर, तोळा ही मापे टप्प्याटप्प्याने बाजारातून गेली. ग्रंथ निघाला तेव्हा जुने माप कायद्याने गेलेले होते आणि नवे स्वयंपाकघरात पुरते रुळलेले नव्हते. ग्रॅम मोजण्यास तराजू हवा. तो वाण्याकडे असतो, चुलीपाशी नसतो. कमलाबाईंनी वाटी व चमचा ही मापे स्वीकारली, यात सोयीपेक्षा अधिक काही आहे. वाटी हे वस्तुतः माप नव्हेच, ते प्रमाण आहे. एक वाटी तांदळास दोन वाट्या पाणी म्हटले, की वाटी लहान की मोठी हा प्रश्नच उरत नाही. एकट्यासाठी अर्धी वाटी घेतली तरी नियम तोच राहतो, आणि अन्न उरून वायाही जात नाही.

तथापि वाटीशेजारी चमचा आला की हे गणित डळमळते. वाटी घरोघरी निराळी. चमचा काही तिच्या प्रमाणात लहानमोठा होत नाही. एकच चमचा मीठ मोठ्या वाटीच्या घरी अळणी लागेल, लहान वाटीच्या घरी खारट. अशा वेळी ‘चवीपुरते’ हा शब्द मदतीस धावतो. (पाकशास्त्रीय मराठीत याहून अधिक राबलेला शब्द नसेल.) परंतु तो शब्द ज्यास चव आधीच ठाऊक आहे अशा वाचकासच उद्देशून असतो.

याहून गंभीर अडचण मांडणीची आहे, आणि ती एकट्या ‘रुचिरा’ची नव्हे. भात, पोळ्या, भाज्या, आमट्या, चटण्या अशी प्रकारवार विभागणी हवी ती कृती शोधण्यास उत्तम. पण घरची काटकसर या विभागांच्या मधल्या फटीत राहते. दोडक्याचे उदाहरण घ्यावे. दोडक्याची भाजी एका विभागात येणार, शिरांची चटणी दुसऱ्या. वस्तुतः चटणीचा मुख्य जिन्नस म्हणजे भाजी करताना काढलेल्या शिरा. त्या तेलावर परतून त्यांत तीळ, सुके खोबरे, तिखट, मीठ घातले की एका दोडक्यात दोन पदार्थ होतात. पुरण शिजवल्यावर निथळलेला कट आणि त्याची आमटी यांचेही तसेच. उरलेल्या भाकरीचा कुस्करा आणि आंबट झालेल्या ताकाची कढी यांचा आरंभ तर आदल्या दिवशीच झालेला असतो.

पौष्टिकतेचीही हीच गोष्ट आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी असते, ते हरभऱ्याच्या डाळीत पुरेसे आहे. डाळीत मेथिओनिन कमी, ती उणीव ज्वारी भरून काढते. म्हणून भाकरी आणि पिठले हे एकत्रच पाहावयाचे अन्न आहे. घर ताटाचा विचार करते, पुस्तक पदार्थाचा.

पुस्तकास कोणता तरी क्रम हवाच, असा आक्षेप येथे घेता येईल, आणि तो योग्यही आहे. १९७० च्या सुमारास त्या क्रमाने फारसे नुकसानही होत नसावे. कारण पुस्तक हाती घेणाऱ्या बहुतेक नव्या सुनेच्या घरी, शिरा टाकू नकोस, असे सांगणाऱ्या सासूबाई किंवा आत्याबाई असत. भाड्याच्या खोलीत एका शेगडीवर स्वयंपाक करणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यास तो आवाज ऐकू येत नाही. तो भाजीची कृती बिनचूक पाळतो, शिरा केराच्या टोपलीत टाकतो आणि चटणी विकत आणतो.