कापडावरचा कारखाना

उद्योगाचा गौरव करणारे कापड समोर आले की एक साधा प्रश्न विचारावा : या चित्रात काम कोण करते आहे, आणि नाव कोणाचे आहे?

फ्रान्समधल्या जुई गावी ओबरकाम्फचा कापड छापण्याचा कारखाना होता. १७८३ साली त्याला ‘शाही’ किताब मिळाला. त्या निमित्ताने झां-बातिस्त ह्युएने रेखाटलेल्या कापडावर कारखानाच नक्षी झाला. कापड धुणारे, कुरणावर वाळत घालणारे, ठसे मारणारे कामगार तिथे आहेत. पण दमलेले कुणी नाही. श्रम जणू सहलच. शिवाय हा धंदा ज्या भारतीय छिटांच्या नकलेवर उभा राहिला, आणि ज्यांवर फ्रान्सने १६८६ ते १७५९ बंदी घातली होती, ती बनवणारा इथला रंगारी चौकटीबाहेरच राहिला.

याच्या शेजारी बालुचरी साडी ठेवून पाहावी. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या संग्रहात अशा साड्या आहेत. ही छपाई नव्हे, विणकाम. पण एकोणिसाव्या शतकात मुर्शिदाबादकडच्या विणकरांनी पदरावर आगगाडी आणली, डब्यांत साहेब बसवले. तीच आगगाडी विलायती गिरण्यांचे स्वस्त कापड गावोगाव पोचवून हातमागाचे पोट मारत होती. विणकराने तिची टवाळी केली नाही, आरतीही ओवाळली नाही; नव्या जगाची नोंद घेतली. दुबराज दास या विणकराने तर साडीत स्वतःचे नाव विणले. जुईच्या कापडावर कामगार दिसतात, पण निनावी. इथे कारागीर दिसत नाही, तरी सही त्याची आहे. मला ही सही अधिक मोलाची वाटते.

आपल्या गिरण्यांनी नावे कोणाची मिरवली? १ जानेवारी १८७७ला दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया सम्राज्ञी म्हणून घोषित झाली. त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची गिरणी सुरू झाली आणि ‘एम्प्रेस’ म्हणून ओळखली जाऊ लागली. दिल्लीत १८८९ साली स्थापन झालेल्या दिल्ली क्लॉथ मिल्सची ‘डीसीएम’ ही अक्षरे घरोघरी पोचली. थानावर गिरणीचा छाप असे. साचेवाल्याचे, जॉबरचे, रंगखात्यातल्या माणसाचे नाव त्यावर येणे शक्यच नव्हते.

आता गिरण्या बंद पडल्यावर धुराडी आणि भोंगे नक्षीत सुरेख दिसतील. पण अशा स्मृतिवस्त्रावर हजेरीपटातली नावे नसतील, तर तो गिरणीच्या इमारतीचा गौरव होईल. गिरणी चालवणारे पुन्हा एकदा बिनपगारी राबतील.