माळ्यावरचा माणूस

मंडळी, मागच्या व्याख्यानाला पहिल्या रांगेतल्या एका काकूंनी आम्हाला विचारलं होतं, "फोन नुसता बंद केला तर चालेल, की घरीच ठेवून यायला हवा होता?" विषय पाळतीचा होता, त्यामुळे सगळे हसले. पण हसता हसता चार-पाच जणांनी खिशातला फोन काढून पालथा ठेवला, हे आम्ही इथून पाहिलं. पालथा ठेवल्यानं मायक्रोफोन बंद होत नाही, एवढं सांगायचं राहून गेलं.

आज ज्या चित्रपटाबद्दल बोलायचं आहे, त्यात स्मार्टफोन नाही. 'द लाइव्ज ऑफ अदर्स', २००६ चा जर्मन चित्रपट, दिग्दर्शक फ्लोरिआन हेंकेल फॉन डोनर्समार्क. १९८४ चं पूर्व बर्लिन. नाटककार ड्रायमनच्या घरात भिंतीतून तारा टाकल्या जातात आणि वर माळ्यावर व्हीजलर नावाचा स्टाझीचा, म्हणजे गुप्त पोलिसांचा, अधिकारी हेडफोन लावून बसतो. ऐकता ऐकता तो बदलतो. खोटे अहवाल लिहून ड्रायमनला वाचवतो.

आम्ही तो तीनदा पाहिला. पहिल्या दोन वेळा डोळे पाणावले. तिसऱ्यांदा, २०२१ मध्ये पेगससच्या बातम्या आल्यावर पाहिला, तेव्हा चिडचिड झाली.

का? तर ऐकणाऱ्याला काळीज आहे, असं हा चित्रपट आपल्याला सांगतो. बर्लिनच्या जुन्या स्टाझी तुरुंगात आता स्मारक आहे. तिथल्या संचालकांनी चित्रीकरणाला परवानगी नाकारली होती, कारण स्टाझीचा माणूस नायक होतो हेच त्यांना मान्य नव्हतं. हा आक्षेप आम्हाला आधी कोता वाटला होता. आता वाटत नाही.

आपल्या फोनच्या भीतीतही असाच एक माळ्यावरचा माणूस बसलेला असतो. 'कुणीतरी ऐकतंय' म्हणून आपण घाबरतो, आणि लगेच स्वतःची समजूत घालतो की आपलं काय ऐकणार, भाजीचे भाव? पेगसससारख्या प्रणालीला असा माणूस लागतच नाही. तुम्ही कुठल्याही लिंकवर बोट न ठेवता ती फोनमध्ये शिरू शकते. संदेश, फोटो, तुम्ही कुठे आहात ते, सगळं उचलते. वाटलं तर मायक्रोफोन आणि कॅमेराही चालू करते. त्या रात्री कुणी ऐकलं नाही तरी बिघडत नाही. प्रत निघालेली असते, ती कधीही उघडता येते. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपनं ज्यांना सावध केलं, त्यांत भीमा-कोरेगाव प्रकरणाशी संबंधित वकील आणि कार्यकर्तेही होते. वकिलाचा फोन म्हणजे त्याच्या अशिलांचंही बोलणं, हे वेगळं सांगायला नको.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे 'कर नाही त्याला डर कशाला'. इथे मात्र चित्रपट आपल्या बाजूनं उभा राहतो. ड्रायमन सरकारनिष्ठ लेखक आहे, त्यानं काहीही केलेलं नाही. त्याच्या घरात तारा का येतात? तर एका मंत्र्याला त्याची प्रेयसी हवी असते म्हणून. कर नव्हताच, तरी डर घरात आला.

आणि आमच्या मते चित्रपटाचं खरं मोल माळ्यावर नाहीच, शेवटच्या वाचनालयातल्या प्रसंगात आहे. भिंत पडल्यानंतर ड्रायमन स्वतःची फाइल मागतो. गठ्ठेच्या गठ्ठे समोर येतात. तो वाचत बसतो, आणि एका पानावर लाल शाईचा डाग दिसतो. ऐकणाऱ्याचा सांकेतिक क्रमांक त्याला कळतो. हे दिग्दर्शकाच्या मनातलं नाही बरं का. जर्मनीनं १९९१ च्या अखेरीस तसा कायदा केला आणि १९९२ पासून लोक आपापल्या फायली वाचू लागले.

आपल्याकडे काय आहे? फोन ऐकण्याचा आदेश केंद्रात किंवा राज्यात गृहसचिव देतात. त्याची तपासणी करणारी समिती केंद्रात मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली, राज्यात मुख्य सचिवांच्या. न्यायाधीश कुठेच नाही. ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरही कळवायची तरतूद नाही, आणि गरज नसेल तर नोंदी सहा महिन्यांनी नष्ट करायच्या. नोंदी नष्ट करणं ऐकायला बरं वाटतं, गोपनीयतेसाठीच आहे असंही कुणी म्हणेल. पण मग लाल डाग दिसणार कुठे? १८८५ च्या तार कायद्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आला, २०२४ मध्ये नवे नियम आले, आणि हा सांगाडा तसाच राहिला.

पेगससबाबत सर्वोच्च न्यायालयानं २७ ऑक्टोबर २०२१ ला निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. २९ फोन तपासले गेले. पाचांमध्ये काहीतरी घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगससच होतं असं ठामपणे सांगता आलं नाही. सरकारनं सहकार्य केलं नाही, असं समितीनं म्हटल्याचं सरन्यायाधीशांनी ऑगस्ट २०२२ मध्ये भर न्यायालयात सांगितलं. अहवाल मोहोरबंद पाकिटात आला होता.

तेव्हा काकू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. फोन आणलात ते बरं केलंत. तो ऐकतोय का, हे आम्हाला सांगता येणार नाही. ऐकायचा आदेश निघाला असेल तर त्यावर सही कुणाची आहे, हे तुम्हाला कुठल्या खिडकीवर विचारता येईल, ते आम्ही शोधत होतो. अशी खिडकी आम्हाला अजून सापडलेली नाही. आता दिवे मालवूया, वाचनालयाचा तो प्रसंग पुन्हा एकदा दाखवतो.